अंगठा जुळला नाही, मग पुढे काय? आधार आणि रेशनचं एक प्रकरण

सप्टेंबर २०१७ च्या शेवटी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ११ वर्षांची एक मुलगी वारली. घर अतिशय गरीब, रेशनवर जगणारं. अन्न अधिकार चळवळीतली माणसं चौकशीला घरी गेली तेव्हा कळलं की त्यांचं रेशन कार्डच यादीतून उडालेलं होतं, कारण ते आधारशी लिंक नव्हतं, आणि काही महिने घरात रेशनचा दाणा आला नव्हता. आई सांगत होती की पोरगी भात मागत मागत गेली. सरकार म्हणालं की ती मलेरियाने गेली. कशाने गेली याचा निकाल मी इथे लावणार नाही, तो माझा अधिकार नाही, पण कार्ड उडालं होतं आणि ते आधार लिंक नसल्यामुळे उडालं होतं एवढं पुरेसं स्पष्ट आहे.

राष्ट्रीय ओळख व्यवस्था कशी बांधावी या प्रश्नासाठी हे प्रकरण मुद्दाम घेतलंय. आधारचा विषय निघाला की बोलणं लगेच डेटा लीक, हॅकिंग, पाळत यांच्याकडे वळतं, तेही मोठे प्रश्न आहेत आणि खाली येतीलच, पण या घराचा ना डेटा लीक झाला होता ना कोणी काही हॅक केलं होतं. यंत्रणेला जे सांगितलं होतं तेच तिने केलं. लिंक नाही, म्हणून यादीत नाही, संपलं. कुठल्याही ओळख व्यवस्थेत मी आता पहिल्यांदा हेच बघतो, की ती "नाही" म्हणाली तर त्या नाहीचा भुर्दंड कोणावर पडतो. सरकारवर, दुकानदारावर, की समोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसावर?

आता जरा मागे जाऊ, कारण आधारची सुरुवात वाईट हेतूने झाली असं मला वाटत नाही आणि तसं म्हटलं तर प्रकरण नीट समजणारही नाही. जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या अखत्यारीत एका अधिसूचनेने आधार चालवणारं प्राधिकरण (यूआयडीएआय) उभं राहिलं, इन्फोसिसचे नंदन निलेकणी त्याचे पहिले अध्यक्ष, आणि २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार नंबर दिले गेले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, आदिवासी बायकामाणसांना. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. मागचा विचार साधा होता, ज्या माणसाकडे जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, वीजबिल नाही, त्याला कुठल्याही ऑफिसात "तू कोण" असं विचारलं की तो तिथेच अडकतो, तर त्याला एक अशी ओळख द्यायची जी गाव सोडलं तरी सोबत राहील. आणि हे दुखणं खरंच होतं. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्या माणसाला पत्त्याचा पुरावा मागणं म्हणजे काय हे ज्यांनी तलाठी ऑफिसच्या चकरा मारल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि डिझाइनमध्ये काही गोष्टी फार विचार करून केलेल्या होत्या, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. नंबर बारा अंकी, रँडम, त्यात काही अर्थ भरलेला नाही, म्हणजे नंबर बघून राज्य, वय, जात, बाई की पुरुष काहीच कळत नाही (शेवटचा अंक फक्त टायपिंगची चूक पकडायला असतो). नोंदणीत सक्तीने मागितलं ते नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, दहा बोटं आणि दोन डोळ्यांची बुबुळं. जात, धर्म, उत्पन्न, आजारपण हे विचारायचं नाही हे नंतर कायद्यातही लिहिलं गेलं. कागद नसलेल्यांसाठी ओळखीच्या अधिकृत माणसाने हमी द्यायची सोय होती. आणि पडताळणी करताना सेंट्रल डेटाबेस फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर देणार, बोटाचा ठसा कोणाच्या हातात पडणार नाही, असं ते मूळचं चित्र. कागदावर हे बरंच नीट होतं.

गडबड झाली ती क्रमात. कायदा आधी आणि नोंदणी नंतर असं व्हायला हवं होतं. झालं उलट. २०१० च्या डिसेंबरात विधेयक राज्यसभेत आलं, वर्षभराने यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने ते अशा रूपात नको म्हणून परत पाठवलं, आणि तरी नोंदणी चालूच राहिली. २०१२ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहांच्या तज्ज्ञ गटाने खासगीपणाचा कायदा कसा असावा यावर अहवाल दिला, तो कायदा काही आला नाही. शेवटी २०१६ मध्ये आधार कायदा आला तो मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने बाजूला ठेवल्या की विषय संपला. तोवर देशातल्या बहुतेक वयाने मोठ्या माणसांची बोटं आणि बुबुळं आधीच गोळा झाली होती. कोट्यवधी लोकांनी अंगठा दिला तेव्हा त्या माहितीचं काय होणार, चुकलं तर दाद कुठे मागायची, हे सांगणारा कायदाच नव्हता. याला संमती म्हणणं मला तरी जड जातं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे वापर. ओळख देणं आणि ओळखीवर हक्क अडकवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. २०१६ च्या कायद्याचं कलम ७ म्हणतं की सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागता येईल. त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याला नंबर मिळालेला नाही त्याला दुसरा व्यवहार्य मार्ग द्यायचा. पण नंबर आहे आणि अंगठाच जुळत नाही अशा माणसाचं काय, ते त्या कलमात सरळ लिहिलेलं नाही. दुकानावरची बरीचशी भानगड या फटीत झाली.

आता दुकानावर नेमकं काय होतं ते बघा, कारण धोरणं लिहिणाऱ्या बऱ्याच लोकांनी ई-पॉस मशीन, म्हणजे रेशन दुकानातलं अंगठा घेऊन पावती काढणारं यंत्र, पुढून पाहिलेलं नसतं.

बाई पिशवी घेऊन रांगेत. नंबर आला की दुकानदार रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर मशीनमध्ये टाकतो, घरातल्या माणसांची नावं येतात, समोर आहे तिचं नाव निवडतो, मग स्कॅनर पुढे करतो. बाई अंगठा ठेवते. मशीन ठसा बांधून, कुलूपबंद करून राज्याच्या सर्व्हरकडे, तिथून पुढे आधारच्या सेंट्रल डेटाबेसकडे पाठवतं आणि उत्तर येतं. जुळलं तर ठीक, पावती निघते. नाही जुळलं तर ३०० हा एरर कोड, म्हणजे बायोमेट्रिक जुळलं नाही. मग सुरू होतं, "दुसरं बोट ठेवा", "हात पुसा", "दाबू नका, हलकं ठेवा", कोणी पदराने बोट घासतं, कोणी डोक्याला बोट लावून जरा तेलकट करतं, मागची रांग कुरकुरायला लागते, दुकानदार वैतागतो, आणि बाई अशा तोंडाने उभी असते जणू चूक तिचीच. भांडी घासून, निंदणी करून, मिरची खुडून, ऊस तोडून बोटाच्या रेषा झिजतात. म्हातारपणी कातडी सुरकुतते. ज्यांना रेशनची गरज सगळ्यात जास्त, त्यांचीच बोटं मशीनला सगळ्यात कमी ओळखू येतात, हा काही योगायोग नाही, ज्या कष्टाने त्यांना गरीब ठेवलं त्याच कष्टाने बोटंही खाल्ली.

त्यात नेटवर्क. डोंगरातल्या पाड्यावर रेंज नाही म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकाडावर चढलाय आणि माणसं मागे, असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. सर्व्हर डाऊन म्हणजे आजची मजुरी गेली, उद्या परत या.

हे किती होतं? केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत पडताळणी अपयशाचे जे अंदाज दिलेत ते असे, झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७ टक्के, गुजरात ६ टक्के, आंध्रचा कृष्णा जिल्हा ५ टक्के. म्हणजे सगळीकडे सारखं नाही, नीट राबवलं तर अपयश खूप खाली येतं हेही त्यातून दिसतं. आणि पुन्हा प्रयत्न केला की बऱ्याच जणांचं जुळतंही. पण ५ टक्के हा आकडा ऐकायला छोटा वाटतो तो शंभर जणांच्या रांगेत पाच घरं असतो, आणि दर महिन्याला बहुतेक तीच पाच घरं असतात, कारण झिजलेलं बोट पुढच्या महिन्यात नवं होत नाही. सरासरी काढली की हे दिसेनासं होतं.

पण सिमडेगाच्या घराचं दुकानावर अंगठा न जुळल्याने अडलं नव्हतं, त्याच्या आधीच अडलं होतं, कार्ड रद्द होण्याच्या पायरीवर. वरून दबाव होता की सगळी कार्डं आधारशी जोडा, न जोडलेली बोगस समजा. बोगस कार्डं होतीच, नाकारायचं कारण नाही, एकाच माणसाची दोन कार्डं, मेलेल्यांच्या नावावर उचललेलं धान्य, सगळ्यांनी ऐकलंय. प्रश्न असा की लिंक नाही म्हणजे बोगस, हे गणित बरोबर आहे का? कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी झारखंडमध्ये याचा अभ्यास केला. त्यात १० जिल्ह्यांमध्ये २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या सुमारे १.४४ लाख कार्डांमधून नमुना घेऊन घरोघरी जाऊन शोधलं, तर जवळपास ८८ टक्के कार्डं खऱ्या, हयात, तिथेच राहणाऱ्या कुटुंबांची निघाली. बोगस किंवा न सापडलेली सुमारे १२ टक्के. म्हणजे एक बोगस पकडताना सातेक खरी घरं उडवली, आणि सरकारी हिशेबात ही सगळीच बचत म्हणून जमा झाली. हे वाचून मला अजूनही राग येतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे जी कमी बोलली जाते. ज्यांची कार्डं आधी आधारशी जोडलेली नव्हती त्यांना मिळणारं धान्य नुसत्या अंगठा सक्तीने सरासरी १० टक्क्यांनी घटलं, पण गळती काही त्याने कमी झाली नाही. कारण उघड आहे. चोरी दोन प्रकारची असते, खोट्या नावावर उचलायचं आणि खऱ्या माणसाला मापात मारायचं. तिकडे त्याला कटौती म्हणतात, ३५ किलोच्या अंत्योदय कार्डावर अंगठा ३५ चा घ्यायचा आणि हातात थोडं कमी द्यायचं. अंगठा पहिली चोरी पकडू शकतो, दुसरीला उलट पक्की पावती देतो. गळती कुठे आहे हे नीट न बघता सगळ्या गरिबांवर पडताळणी लादली की असंच होणार.

मृत्यूची बातमी देशभर गेल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा जुळलं नाही म्हणून कोणाचं रेशन थांबवू नका, यादीतून नाव उडवू नका, अपवादाच्या वहीत नोंद करून धान्य द्या. आदेश चांगला आहे, आजही दाखवता येतो. तरी दुकानावर तो चालत का नाही? कारण दुकानदाराच्या बाजूने बघा. अंगठा जुळलेल्या पावतीवर कोणी त्याला काही विचारत नाही. वहीत नोंद करून दिलेलं धान्य म्हटलं की पुरवठा निरीक्षक येऊन विचारणार, एवढे अपवाद कसे, तूच खाल्लंस का. सरळ माणूस असला तरी तो ती कटकट का ओढवून घेईल? त्याला बाईला परत पाठवणं फुकट पडतं आणि वही उघडणं महाग पडतं. ओटीपीचा पर्याय म्हणाल तर तो मोबाईल लिंक असेल तर, आणि तो मोबाईल पोराबरोबर पुण्याला कामावर गेलेला असतो. म्हणजे सगळे पर्याय आहेत, पण वापरायचे की नाही हे अशा माणसाच्या हातात आहे ज्याला ते वापरण्यात तोटा आहे.

दरम्यान कोर्टात काय चाललं होतं ते थोडक्यात. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, याचिका केली. सप्टेंबर २०१३ मध्येच सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की आधार नाही म्हणून कोणाचं नुकसान होता कामा नये, म्हणजे सिमडेगाच्या चार वर्षं आधी. सरकारने तिथे असाही मुद्दा मांडला की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, त्यावर नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने निकाल आला, आहे म्हणून. मग २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा मुख्य निकाल, चार विरुद्ध एक. कायदा टिकला, कलम ७ टिकलं, पॅन जोडणी टिकली. बँक खातं आणि सिमकार्डाची सक्ती गेली, कलम ५७ मधली, खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी वाट बंद केली, शाळा प्रवेशाला सक्ती नको, पडताळणीच्या नोंदी ६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. न्यायमूर्ती चंद्रचूड एकटे वेगळे पडले, त्यांनी मनी बिलाचा मार्गच घटनाबाह्य ठरवला आणि माणसाचे हक्क अल्गोरिदमच्या शक्यतेवर टांगता येणार नाहीत अशा अर्थाचं लिहिलं. मला ते पटतं. आणि गंमत नाही, खरं सांगतो, एप्रिल २०१९ मध्ये जमैकाच्या सुप्रीम कोर्टाने तिथला राष्ट्रीय ओळखपत्र कायदा रद्द केला तेव्हा आपल्या या अल्पमताच्या निकालाचा मोठा आधार घेतला.

खासगी कंपन्यांची बंद झालेली वाट २०१९ च्या दुरुस्तीने "ऐच्छिक" म्हणून थोडी उघडली आणि जानेवारी २०२५ च्या नियमांनी आणखी उघडली. ऐच्छिकचा अनुभव सगळ्यांना आहे. सिम घ्यायला गेलं की काउंटरवरचा पोरगा आधीच मशीन पुढे करतो, दुसरं कागदपत्र चालतं हे आपण विचारलं तर कळतं.

आता एकच नंबर सगळीकडे, हा दुसरा मोठा दोष, आणि इथे डेटाचा प्रश्न येतो. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवलं की चार सरकारी पोर्टलवर मिळून १३ कोटींच्या आसपास आधार नंबर उघड्यावर पडलेत, काही ठिकाणी बँक खात्यांसकट. जानेवारी २०१८ मध्ये ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या बातमीदाराने ५०० रुपयांत लोकांचे तपशील दिसणारं लॉगिन मिळवून दाखवलं. बायोमेट्रिक सुरक्षित आहे असं प्राधिकरण सांगत राहिलं, ते धरून चाललं तरी मुद्दा उरतोच, रेशन, पेन्शन, बँक, दवाखाना, शिष्यवृत्ती सगळीकडे तोच नंबर असला की एका खात्याची गळती दुसऱ्या खात्याच्या गळतीशी जोडून पूर्ण माणूस उभा करता येतो. ऑस्ट्रियाने याचं उत्तर फार पूर्वी काढलंय. तिथे माणसाचा मूळ नंबर कुठल्याच खात्याकडे जात नाही, त्यापासून गणिताने प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळा क्रमांक काढतात, करासाठी वेगळा, आरोग्यासाठी वेगळा, आणि एकावरून दुसरा काढता येत नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी आला, कल्पना त्याच दिशेची, पण तो काढायची जबाबदारी नागरिकावर टाकली, आणि किती रेशनकार्डवाल्या बायका वेबसाईटवर जाऊन व्हर्च्युअल आयडी काढणार? प्रत्येक संस्थेला यंत्रणेने आपणहून वेगळा टोकन, म्हणजे नंबराऐवजी वापरायचा संकेत, द्यायची सोयही तेव्हाच आली, पण काही संस्थांना मूळ नंबर वापरायची मुभा राहिली. तोच टोकन जर सगळ्याच खात्यांना लावला असता तर नागरिकाला काही कळायचीही गरज नव्हती. सुरक्षेची सोय जर फक्त शिकलेल्या, इंटरनेटवाल्या माणसाला वापरता येत असेल तर ती बाकीच्यांसाठी नाहीच.

डिजिटल सरकारी कारभारासाठी एस्टोनियाचं उदाहरण सगळे देतात, तिथलं मला एकच घ्यावंसं वाटतं, माझी माहिती कोणत्या सरकारी खात्याने कधी बघितली हे नागरिकाला स्वतःला बघता येतं. आपल्याकडे पडताळणीचा इतिहास दिसतो, म्हणजे अंगठा कुठे दिला ते. माझी फाईल कोणी उघडली ते नाही. बाकी १३ लाखांच्या देशाची व्यवस्था उचलून इथे ठेवता येणार नाही हे उघड आहे.

महाराष्ट्रातलंच ताजं सांगायचं तर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. ज्यांचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, किंवा नवऱ्याने टाकलंय, त्या बायकांनी काय भरायचं? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय केली, पण फॉर्म बनवताना एकाही माणसाला हे सुचलं नाही का, एकट्या बायकांसाठीच तर अशा योजना जास्त महत्त्वाच्या. २०१७ मध्ये झारखंडात जे झालं त्याचीच ही जात. आधी सगळ्यांना अडवायचं, मग ओरडतील त्यांना सोडवायचं, आणि ज्यांना ओरडता येत नाही ते राहून जातात.

मग व्यवस्था कशी बांधायची? माझ्या मते सगळं नव्याने करायची गरज नाही. ब्रिटनने २००६ चा ओळखपत्र कायदा २०१० मध्ये रद्द करून सगळी नोंदवहीच नष्ट केली, पण आपल्याकडे दिलेले आधार नंबर १३० कोटींच्या पुढे गेलेत आणि लोकांना त्या कार्डाचा उपयोगही होतो, तेव्हा प्रश्न नाहीची बाजू दुरुस्त करण्याचा आहे.

सगळ्यात आधी कार्ड रद्द करण्याची पद्धत. यादीतून नाव काढायचं असेल तर लेखी नोटीस, घरी जाऊन खात्री, ग्रामसभेत वाचन, आणि निकाल लागेपर्यंत धान्य चालू. लिंक नाही हे रद्द करायचं कारणच होऊ शकत नाही, फार तर जाऊन भेटायचं कारण होऊ शकतं. सिमडेगाच्या घरी कोणीतरी आधी गेलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की माणसं खरी आहेत. सध्या पुराव्याचं ओझं कुटुंबावर आहे, ते खात्यावर गेलं पाहिजे. त्या मुलीच्या आईने पुढे सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली, देशभरात ३ कोटी कार्डं रद्द झाल्याचा त्यात दावा होता, सरकारला तो मान्य नव्हता, पण मार्च २०२१ मध्ये कोर्टाने विषय अतिशय गंभीर आहे असं म्हणून नोटीस काढली.

दुसरं, नियामक वेगळा हवा. आज आधार चालवणारं प्राधिकरण आणि आधारचे नियम करणारं प्राधिकरण एकच. २०१६ च्या मूळ कायद्यात तर गुन्ह्याची तक्रार सुद्धा फक्त प्राधिकरणच करू शकत होतं, नागरिकाला तो मार्ग २०१९ च्या दुरुस्तीनंतर मिळाला. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची एवढी मोठी तरतूद आहे की ज्याच्यापासून संरक्षण हवं त्यालाच बाहेर ठेवता येतं.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चं कलम ८ असं सांगतं की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने त्या माणसाला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, रोख. २०१५ मध्ये त्याचे नियमही झाले. म्हणजे नाहीचा खर्च सरकारने भरायचा हे तत्त्व कायद्यात आधीच आहे, फक्त ते आधारच्या मशीनला कोणी जोडलेलं नाही. जोडणं अवघड आहे का? अजिबात नाही. कोणत्या कार्डावर, कोणत्या दुकानात, कोणत्या तारखेला ३०० कोड आला आणि त्या महिन्यात त्या कार्डावर धान्य उचललं गेलं की नाही, हे सगळं सर्व्हरवर आहे. महिन्याच्या शेवटी एक यादी काढायची, प्रयत्न केला पण धान्य मिळालं नाही अशा घरांची. ती यादी तहसीलदाराकडे आपोआप जाईल, त्यातल्या प्रत्येक घराचा भत्ता लागू होईल, नको असेल तर अधिकाऱ्याने घरी जाऊन लेखी कारण द्यावं. बाईने अर्ज करायचा नाही, चकरा मारायच्या नाहीत. आणि अपवादाच्या वहीतून धान्य दिलं तर दुकानदाराला त्रास नाही, परत पाठवलं तर प्रश्न विचारले जाणार, असं उलटं केलं की दुकानदाराचं वागणं आठवडाभरात बदलेल, कारण मग परत पाठवणं महाग पडेल.

कोणी म्हणेल की याचा गैरफायदा घेतील, मुद्दाम चुकीचं बोट ठेवतील. घेतील काही जण. दर महिन्याला त्याच घराचं नाव आलं तर कर्मचाऱ्याने जाऊन एकदा भेटावं, बोटं खरंच झिजली असतील तर त्या कार्डाला कायमची सूट द्यावी, बुबुळाचा किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचा पर्याय लावावा. ५ किलो धान्यासाठी होणाऱ्या लबाडीपेक्षा खऱ्या घरांपैकी कितीजण उपाशी राहिले हा आकडा आधी बघायला हवा, आणि तो आकडा आज कुठल्याच डॅशबोर्डवर नाही. किती पडताळण्या यशस्वी झाल्या तो आहे, किती रुपये वाचले तो आहे.

तोवर ज्यांच्या घरी हे घडतंय त्यांनी एवढं करावं. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या सूचनेचा हवाला देऊन दुकानदाराला वहीत नोंद करायला सांगा, नाही म्हणाला तर १९६७ या हेल्पलाईनवर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे कलम ८ चा भत्ता लेखी मागा, तारीख, दुकानाचा नंबर आणि मशीनवर आलेला कोड त्यात टाका. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. तिथे दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं.